छप्पन्नाव्या स्तोत्रातलं बूच

पानांची सळसळ थांबली, तेव्हा ॲव्हिस पेंबरीला खात्री पटली की आपल्या कानांना भास झालेला नाही. गुरुवारच्या प्रवचनाला त्यांच्या पेठेतली माणसं आपापलं बायबल काखोटीला मारून येत. व्यासपीठावरून एखादं वचन आलं की सगळं चर्च बोट ओलं करून पानं उलटू लागे, वारा ओटच्या शेतातून जावा तसा तो आवाज पुढच्या बाकापासून मागच्या भिंतीपर्यंत जाई, आणि वचन सापडलं की माणसं त्यावर अंगठा टेकवून वर बघत. लंडनमध्ये लग्न होऊन आल्यावर पहिली काही वर्षं तिला वाटे, ही माणसं कानांनी ऐकत नाहीत, अंगठ्यांनी ऐकतात. आज व्यासपीठावर टोबायस हॅन्सली नावाचा पोरसवदा पाद्री उभा होता. गुरुवारच्या प्रवचनाची जागा रिकामी होती आणि ती मिळावी म्हणून त्याची ही परीक्षाच होती. त्याने छप्पन्नावं स्तोत्र काढलं. ‘माझी आसवं तू तुझ्या बुधलीत साठव,’ तो म्हणाला. सळसळ झाली, अंगठे टेकले. आणि त्याच श्वासात, आवाज जराही न बदलता, तो पुढे म्हणाला, ‘आणि बूच घट्ट लाव.’ अंगठे खाली सरकले. मग वर सरकले. कुणी पान मागे उलटलं, कुणी पुढे. मग सगळं थांबलं.

ॲव्हिसने पान उलटलं नव्हतं. तिला ते उलटायची गरज नव्हती. तिच्या नाकात पिवळ्या रानफुलांच्या दारूचा आंबूस गोड वास आला, इतका खरा की तिने शेजारी बसलेल्या बाईकडे पाहिलं. वास विंगथॉर्पच्या स्वयंपाकघरातला होता. लिंकनशरच्या दलदलीतलं ते गाव, तिथे तिचे वडील ॲम्ब्रोज थर्लबी पाद्री होते, आणि पावसाळी दिवसांत चर्चला यायला माणसं सपाट तळाच्या नावा वल्हवत येत. विंगथॉर्पमध्ये पानं नव्हतीच, तर सळसळ कुठली? एक मोठं बायबल चर्चमध्ये होतं, साखळीने बांधलेलं, आणि एक बाबांचं. बाकी सगळं बाबांच्या तोंडात. ते वचन सांगत तेव्हा आधी लॅटिनमध्ये सांगत, हळूहळू, जुन्या चीजचा तुकडा जिभेवर घोळवावा तसं, मग इंग्रजीत. पण कुठल्या इंग्रजीत हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नसे. निम्मं बिशपांच्या जुन्या भाषांतरातलं, निम्मं जिनिव्हाहून आलेल्या छोट्या पुस्तकातलं, आणि जिथे आठवण तोकडी पडे तिथे घरचंच ठिगळ. व्यासपीठावर पुस्तक उघडून वाचायला त्यांना कमीपणा वाटे. ‘भूक लागल्यावर कोणी कोठीघराची यादी वाचतं का?’ ते म्हणत. ‘हात घालायचा आणि मिळेल ते काढायचं.’ पण बुचाचं ठिगळ त्यांच्या आठवणीतलं नव्हतं. ते कुठून आलं हे जगात तिघांनाच माहीत होतं, आणि त्यातले दोघं आता विंगथॉर्पच्या मातीत होते.

ज्या वर्षी पाणी मार्चपर्यंत ओसरलं नाही त्या वर्षी तिचा धाकटा भाऊ बार्नबी हिवतापाने गेला. त्याला चालायला येऊ लागलं होतं, पण बोलायला फारसं नाही. तो बदकांना हाक मारी ती एकच हाक सगळ्या जगाला मारी. त्याला पुरून आल्यावर आई स्वयंपाकघरात गेली आणि बुधल्या धुवायला बसली. वसंतात रानफुलांची दारू भरायची असे, त्यासाठी बुधल्या लागणार होत्या खऱ्या, पण त्या दिवशी लागणार नव्हत्या. ॲव्हिस चुलीपाशी बसून काड्या मोडत होती. बाबा दारात आले. अंगावर अजून चर्चमधला झगा होता आणि त्याच्या काठाला चिखल लागला होता. नवऱ्यासारखं काय बोलावं हे त्यांना सुचलं नसावं, म्हणून ते पाद्र्यासारखं बोलले. हातातलं पुस्तक उघडून त्यांनी ती ओळ वाचली: माझी आसवं तू तुझ्या बुधलीत साठव. आईने मान वर केली नाही. हातातली बुधली तिने उजेडाकडे धरली, आत बघितलं, आणि अगदी रोजच्या आवाजात, मिठाबद्दल बोलावं तशी म्हणाली, ‘मग त्याला म्हणावं, बूच घट्ट लाव. उघडी राहिली तर उडून जाईल सगळं.’ बाबांनी पुस्तक मिटलं.  मग झगा काढून खुंटीला न लावता तसाच जमिनीवर टाकून ते आईशेजारी बसले आणि बुधल्या पुसू लागले. त्यांना पुसता येत नव्हतं. आई त्यांनी पुसलेली प्रत्येक बुधली पुन्हा पुसत होती.

पुढच्याच्या पुढच्या रविवारी बाबा व्यासपीठावर चढले आणि छप्पन्नावं स्तोत्र म्हणाले. बुचासकट. ‘असं स्तोत्रकर्ता दावीद राजा म्हणतो,’ ते म्हणाले. ॲव्हिसने आईकडे पाहिलं. आई आपल्या हातांकडे बघत होती आणि तिचे कान, पांढऱ्या टोपीखालून दिसत होते तेवढे, लालबुंद झाले होते.  त्या दिवसापासून कुठल्याही मयताला बाबा ते म्हणू लागले, आणि मग गावही म्हणू लागलं. नवरा बुडालेल्या बायका म्हणत, मूल गेलेले बाप म्हणत. कालव्यापलीकडच्या वस्त्यांवर, जिथे बाबा वर्षातून कधी तरीच जात, तिथेही ते पोहोचलं. एकदा ईल मासे विकायला आलेली एक म्हातारी दारात उभी राहून आईलाच समजावून सांगत होती, की बाई, दुःख करू नका, शास्त्रात लिहिलंय देव बूच लावून ठेवतो. आईने तिला पैसे दिले, ईलची टोपली घेतली आणि म्हणाली, लिहिलं असेल. ॲव्हिसला तेव्हा हसू फुटलं होतं. आईने तिच्याकडे असं बघितलं की ते हसू घशातच राहिलं. इतक्या वर्षांनी, या दगडी चर्चमध्ये, व्यासपीठावरच्या वाळूच्या घड्याळाकडे बघताना तिला ते घशातलं हसू पुन्हा जाणवलं, आणि त्याच्या खाली दुसरं काही तरी, जे हसू नव्हतं.

टोबायस हॅन्सली बोलतच होता. त्याला काही कळलं नव्हतं. तो चांगलं बोलत होता. हात फार हलवत नव्हता, लॅटिन फार मिरवत नव्हता. पुढच्या बाकावर ॲव्हिसचे यजमान हंफ्री बसले होते. ते हातमोजे शिवून विकत, चर्चच्या पंचांपैकी एक होते, आणि त्यांना हा पोरगा आवडला होता हे त्यांच्या मानेवरून कळत होतं. त्यांच्या शेजारी गॉडफ्री स्टॅपल, कापडाचे मोठे व्यापारी आणि पंचांमध्ये सर्वांत वडील. स्टॅपल यांचा अंगठा अजून पानावर होता. ते वाईट माणूस नव्हते. प्लेगच्या वर्षी पेठेतले धनवंत गावोगावी पळाले तेव्हा ते राहिले होते, आणि आजाऱ्यांच्या दारात पाव ठेवत फिरले होते. पण त्या वर्षी त्यांनी आपली मुलंही पुरली होती, आणि तेव्हापासून ते पुस्तकातल्या शब्दाला असं धरून असत जसं पुरातलं माणूस फांदीला धरतं. फांदी कुणी हलवलेली त्यांना चालत नसे. राजाच्या आज्ञेने झालेलं नवं भाषांतर त्यांच्याकडे होतं, जुनंही होतं, आणि दोन्हींत कुठे कुठला शब्द बदलला हे त्यांना पाठ होतं.

अंगठा बघून ॲव्हिसला लिंकन आठवलं. ती स्वतः लिंकनला गेली नव्हती, बाबा गेले होते. कुणी तरी तक्रार केली, की विंगथॉर्पचा पाद्री देवाच्या शब्दात भर घालतो, आणि भर घालणाऱ्याला शास्त्राच्या शेवटच्या पानावर कोणता शाप आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. लिंकनला चर्चच्या न्यायासनापुढे बाबांना उभं केलं. त्यांनी भांडण केलं नाही. सांगितलं, स्मृतीचा दोष. शिक्षा हलकीच झाली: त्याच लोकांसमोर, त्याच व्यासपीठावरून वचन जसं आहे तसं वाचून दाखवायचं. त्या रविवारी चर्च भरलं होतं. नाव चालावी एवढं पाणी नव्हतं, तरी पलीकडच्या वस्त्यांतली माणसं चिखल तुडवत आली होती. बाबांनी पुस्तक उघडलं, जे ते कधी उघडत नसत, आणि बोट ठेवून वाचलं: माझी आसवं तू तुझ्या बुधलीत साठव. आणि थांबले. पूर्ण झालं होतं, तरी सगळ्यांना ते अर्धवट वाटलं. मागे एक लहान मूल खोकलं. बाबांनी पुस्तक मिटलं आणि पुढच्या प्रार्थनेला लागले. घरी जेवताना आई पावाचा तुकडा हातात घेऊन बसली होती. बाबा म्हणाले, तुझ्यावर काही आलं नाही, मी तुझं नाव काढलं नाही. तेव्हा आई म्हणाली, ‘नाही काढलंत. माझ्या तोंडचं देवाच्या तोंडी घातलंत, तेव्हा मला विचारलं नाहीत. आज तिथून काढून घेतलंत, तेव्हाही नाही.’ तिचा आवाज चढला नव्हता. बाबांनी ते स्तोत्र पुन्हा कधी म्हटलं नाही. आई गेली तेव्हाही नाही. तिच्या थडग्यापाशी त्यांनी दुसरंच काही तरी म्हटलं, बरोबर, शब्दाला शब्द, आणि ॲव्हिसला त्यातलं काहीही आठवत नव्हतं.

घड्याळातली वाळू संपली. प्रवचन संपलं. हंफ्री मागे वळून, तिला ‘थांब’ अशी खूण करून, पंचांबरोबर चर्चच्या मागच्या खोलीत गेले. ती बाहेरच्या बाकावर बसली. दार पुरतं लागलं नव्हतं. स्टॅपल यांचा आवाज शांत होता. ते विचारत होते, कुठल्या पुस्तकातलं हे? पोरगा म्हणत होता, स्तोत्रातलं. स्टॅपल यांनी त्याला पुस्तक दिलं असावं, कारण मग पानांचा आवाज आला, एकट्याच माणसाने घाईने उलटलेल्या पानांचा.  कुणी तरी म्हणालं की जुन्या भाषांतरांत असेल. स्टॅपल म्हणाले, जिनिव्हाच्या पुस्तकात नाही. आणि त्याआधीची पुस्तकं आता कुणाकडे आहेत, असंही त्यांनीच विचारलं. तेवढ्यात हंफ्री दारात आले. ‘अगं, जरा आत येतेस का,’ ते म्हणाले, आणि ती उठली तेव्हा जवळ येऊन हळूच म्हणाले, ‘तुझ्या वडिलांच्या वेळचं असेल ना गं? असेलच.’

खोलीत मेणाचा आणि ओल्या लोकरीचा वास होता. टोबायस हॅन्सली खिडकीपाशी उभा होता, हातात उघडं बायबल घेऊन, आणि जवळून तो व्यासपीठावर दिसला त्याहून लहान दिसत होता. हनुवटीवर वस्तऱ्याने कापलेलं होतं. स्टॅपल यांनी तिला बसायला खुर्ची दिली. ‘पेंबरीबाई,’ ते म्हणाले, ‘तुमचे वडील जुन्या काळातले पाद्री. तुम्ही लहानपणापासून ऐकलं असेल. बुचाचं हे वाक्य तुम्ही चर्चमध्ये ऐकलंय?’

ऐकलंय, एवढं म्हणायचं होतं. ते खोटं नव्हतं. व्यासपीठावरून ऐकलंय, माझ्या वडिलांच्या तोंडून ऐकलंय, दावीद राजाच्या नावाने ऐकलंय. स्टॅपल यांनी मान डोलावली असती. त्यांना माणसावर संशय घ्यायला आवडत नसे, शब्दावर घ्यायला आवडे. पोरगा तिच्याकडे बघत होता. त्याच्या नजरेत विनंती नव्हती, नुसतं कुतूहल होतं, आणि त्यामुळेच तिला अवघड झालं. ती म्हणाली, ‘तुमचं गाव कुठलं?’ तो म्हणाला, लिंकनशरातल्याच बॉस्टनजवळचं. पण आजी विंगथॉर्पच्या कालव्यापलीकडची. त्याचे वडील समुद्रात बुडाले तेव्हा आजीने हे त्याला शिकवलं. तिला वाचता येत नव्हतं, पण स्तोत्रं पाठ होती. त्याने हे वचन कधी पुस्तकात उघडून पाहिलंच नाही. ‘जे आधीपासून माहीत असतं ते माणूस बघत नाही,’ तो म्हणाला. मग जरा घुटमळून म्हणाला, की विंगथॉर्प आता ओळखू येणार नाही. हॉलंडची माणसं येऊन त्यांनी सगळं पाणी काढून टाकलं. जिथे नावा चालत तिथे गाई चरतात. चर्च आहे, पण ते आता उगाचच उंचावर बांधल्यासारखं दिसतं.

पाणी काढून टाकलं. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे ते स्वयंपाकघर जसंच्या तसं होतं, दारापर्यंत आलेलं राखाडी पाणी, त्यात हलणारा बुधल्यांचा उजेड, आणि बाहेर बदकांना दिलेली ती एकच हाक. ते सगळं उपसून समुद्रात सोडून दिलं होतं, आणि त्यातून वाहत वाहत एवढं एकच वाक्य इथवर आलं होतं, कुणा तरी म्हातारीच्या टोपलीतून, या पोराच्या तोंडात. आणि इथेही ते दुसऱ्याच कुणाच्या नावाने आलं होतं. तिला आईचे लाल झालेले कान दिसले. तेव्हा तिला वाटलं होतं ती लाज आहे.

‘पुस्तकात नाही ते,’ ॲव्हिस म्हणाली. ‘कुठल्याच पुस्तकात नाही. ते माझ्या आईचं आहे.’

मग तिने सांगितलं. फार नाही, बार्नबी, बुधल्या, लिंकन. सांगताना ती हंफ्रीकडे बघत नव्हती.  तिचं बोलणं संपल्यावर स्टॅपल यांनी हातातल्या पुस्तकाची चामड्याची कड अंगठ्याने चोळली. ‘तुमच्या आईने चांगलं म्हटलं होतं,’ ते म्हणाले. ‘माझी माणसं गेली तेव्हा मला कुणी असं काही म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं. पण मी ते देवाचं म्हणून धरून बसलो असतो. आणि मग एक दिवस कळलं असतं, की ते देवाचं नाही. तेव्हा मी काय धरलं असतं, बाई?’  टोबायस हॅन्सलीने पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं. तो म्हणाला, यापुढे मी दोन्ही वेगळं सांगेन. एवढं स्तोत्रातलं, आणि एवढं एका बाईचं. स्टॅपल म्हणाले, सांगा, अवश्य सांगा, पण आमच्याकडे शास्त्रातलंच पुरेसं आहे.

जागा दुसऱ्याला मिळाली. हर्टफर्डकडचा कुणी तरी, मध्यमवयीन, व्यवस्थित. त्याच्या प्रवचनाला पानं उलटत आणि वचनं सापडत. हंफ्री काही दिवस तिच्याशी थोडं कमी बोलले. रागावले नव्हते, त्यांना कळत नव्हतं. ‘एक शब्द बोलायचा होता,’ ते एकदा म्हणाले, हातमोज्याचं कातडं टेबलावर ताणत. ‘तोही खोटा नव्हे. पोराचं भलं झालं असतं, कुणाचं वाईट झालं नसतं.’ ती म्हणाली, हो. तिला स्वतःलाही रोज तसंच वाटे. सकाळी बाजारात जाताना ती चर्चवरून जाई आणि तिला तो हनुवटीवरचा ओरखडा आठवे. तिच्या आईला तिचं वाक्य परत मिळालं होतं, पण आई कुठे होती ते घ्यायला? आणि ज्याच्याकडून काढून घेतलं त्याच्याकडे दुसरं काय होतं? बाबांनी केलं ते आणि आपण केलं ते, यांत फरक काय, हे ती भाजी निवडताना, दुकानातल्या हातमोज्यांच्या शिवणी तपासताना, स्वतःला विचारत राही. आणि कधी वाटे फार मोठा फरक आहे, कधी वाटे काहीच नाही.

लंडन सोडून जायच्या आधी टोबायस हॅन्सली त्यांच्या हातमोज्यांच्या दुकानात आला. उजाडून बराच वेळ झाला होता, गिऱ्हाईक नव्हतं. हंफ्री आतल्या टेबलापाशी कापत होते. त्याला यार्मथच्या बाजूला कोळ्यांच्या वस्तीत एक चर्च मिळालं होतं, तिथे पगार कमी आणि वारा जास्त असं तो म्हणाला, आणि हसला. ॲव्हिसने त्याला बसायला सांगितलं, तो बसला नाही. तिने विचारलं, राग आला का माझा? तो विचार करून म्हणाला, ‘पहिले दोन-तीन दिवस आला. मग आजीचा आला. मग कळलं की ती शिकवताना खोटं बोलली नव्हती.’ त्याने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. ‘तिथे माणसं बुडतात, बाई. दर हिवाळ्यात. मला ते म्हणावं लागणार. मी स्तोत्र म्हणेन आणि थांबेन, आणि मग म्हणेन की अमुक एक बाई असं म्हणाली. पण मला तुमच्या आईचं नाव माहीत नाही.’

ॲव्हिसने तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की ते नाव तिने कधी उच्चारलेलंच नाही. तिच्यासाठी ती आई होती, गावासाठी थर्लबीबाई, चर्चच्या नोंदीत पाद्र्याची बायको. नावाने तिला फक्त बाबा हाक मारत, तेही दोघंच असताना, पलीकडच्या खोलीतून हळू आवाजात. आणि लिंकननंतर तसंही फारसं नाही. तिला ते जिभेवर आणायला वेळ लागला. परक्या भाषेतला शब्द असल्यासारखं तिने ते आधी मनात म्हणून पाहिलं.

‘एमट,’ ती म्हणाली.

‘एमट थर्लबी,’ तो म्हणाला. पुन्हा एकदा म्हणाला, नुसतं पहिलं. मग टोपी डोक्यावर घातली, तिला नमस्कार केला आणि रस्त्यावर उतरला. पिंपांच्या गाडीमागून तो वळणापर्यंत गेलेला तिला दिसला.

आतल्या टेबलापाशी कात्री थांबली होती. हंफ्री कातड्यावरून मान वर करून तिच्याकडे बघत होते.

‘तुझ्या आईचं नाव एमट होतं होय?’ ते म्हणाले. ‘इतक्या वर्षांत कधी बोलली नाहीस.’

‘हो,’ ती म्हणाली. आणि त्यांच्या समोरचं स्टूल ओढून बसली, कारण ते पुढे काही विचारणार होते.